पिशवीचे पैसे कोणी भरायचे?



वसई-विरारच्या बाजारातल्या पिशवीशी यवतमाळच्या कपाशीचा आणि सोलापूरच्या ज्वारीचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे. पिशवीवर बंदी आली, दंड बसला, पिशवीला किंमत लागली, तेव्हा सूट कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, ही यादी एकदा नीट वाचा. शेतमालाच्या बाजारात जी वाटणी वर्षानुवर्षे चालत आली, तीच या यादीत जशीच्या तशी सापडते.

राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत दिली आणि २३ जून २०१८ पासून अंमल सुरू केला. दंड पहिल्या वेळी ५ हजार रुपये, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार आणि वर तीन महिन्यांची कैद. नियम सगळ्यांना सारखा, असे सांगण्यात आले.

सारखा होता का? कारखान्यातच माल गुंडाळायला जे प्लास्टिक लागते, त्याला सूट. निर्यातीसाठी प्लास्टिक बनवणाऱ्याला सूट. औषधाच्या वेष्टनाला सूट. ती योग्यच होती. दुधाच्या ५० मायक्रॉनवरील पिशवीला सूट, मात्र रिकामी पिशवी ५० पैशांना परत घेण्याची अट. त्या ५० पैशांसाठी आपल्यापैकी किती जणांनी पिशवी दुकानात नेली आणि किती दुकानदारांनी ती घेतली, हे ज्याचे त्याने आठवावे. किराणा व्यापाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा बंदी लागू झाल्यापासून आठवड्याभरातच त्यांच्या पॅकिंगलाही सवलत मिळाली. ज्याची संघटना होती, ज्याची मंत्रालयात ऊठबस होती, त्याचे काम झाले.

राहिले कोण? नाळे, भुईगाव, आगाशीच्या वाड्यांतून भाजी घेऊन येणारी बाई. (इकडे वाडी म्हणजे विहिरीच्या पाण्यावरची बागायत.) राहिली पाचूबंदरची, अर्नाळ्याची मासळीवाली. राहिली पूर्वेच्या डोंगरातून पावसाळ्यात शेवळे आणि टाकळा घेऊन उतरणारी वारली बाई, जी आजही पुष्कळदा सागाच्या पानातच माल बांधून देते. संध्याकाळी लोकलमधून उतरलेले गिऱ्हाईक हात हलवत येते. पिशवी नाही म्हटले, तर ते शेजारच्या टोपलीकडे वळते. पिशवीची किंमत भावात चढवायची तिची ताकद नाही, कारण भाव गिऱ्हाईक पाडून मागते. सगळी टोपली विकली तरी ज्या बाईचे ५ हजार होत नाहीत, तिला दंड ५ हजारांचा. आणि कडधान्याची सीलबंद पाकिटे विकणारी कंपनी मात्र नियमात बसते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

केंद्राची तऱ्हाही वेगळी नव्हती. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत असे कलम होते की, ज्याला गिऱ्हाइकाला प्लास्टिकची पिशवी द्यायची असेल त्याने पालिकेकडे नोंदणी करावी आणि महिना किमान ४ हजार, म्हणजे वर्षाला ४८ हजार रुपये भरावेत. हे दुकानदारालाही आणि रस्त्यावरच्या फेरीवाल्यालाही. काचेच्या दारांचे मॉल आणि कोथिंबिरीची हातगाडी यांना एकच किमान रक्कम! कलम लिहिणाऱ्याने हातगाडीचा एका दिवसाचा हिशेब मांडला असता, तर त्याची लेखणी पुढे सरकली नसती. मार्च २०१८ मध्ये ते कलम गळाले. पण ते सुचले कसे, हा प्रश्न उरतोच.

आता मोठ्या दुकानाकडे वळू. तेथे पिशवीचे पैसे गिऱ्हाईक भरते आणि ते दुकानाच्या गल्ल्यात राहतात. कचरा उचलायला त्यातला पैसाही जात नाही. २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचापुढे बाटा कंपनीचे प्रकरण आले. कागदी पिशवीचे ३ रुपये घेतले होते आणि पिशवीवर जाहिरात कंपनीचीच होती. मंचाने कंपनीला दोषी धरले. २२ डिसेंबर २०२० रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बिग बझारच्या प्रकरणात निकाल दिला की, आधी न सांगता ऐन बिलाच्या खिडकीवर पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पर्यावरणाच्या नावाने गोळा केलेला पैसा पर्यावरणाकडे जात नसेल, तर त्याला शुल्क म्हणू नये. ती विक्री आहे, आणि नफाही.

इतर देशांनी काय केले? आयर्लंडने मार्च २००२ मध्ये पिशवीवर १५ सेंटचा कर बसवला. पैसा सरकारच्या पर्यावरण निधीत जमा केला आणि ताजी मासळी, मांस, सुटी भाजी यांच्या पिशव्या करातून वगळल्या. इंग्लंडने ऑक्टोबर २०१५ मध्ये ५ पेन्स लावले, पण सुरुवातीला फक्त २५० किंवा अधिक नोकर असलेल्या दुकानांना. छोट्या दुकानांना नियम लागू झाला तो २०२१ मध्ये, मोठ्यांची घडी बसल्यावर. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१६ मध्ये मतदान घेऊन पिशवीला किमान १० सेंट लावले, पण सरकारी अन्नमदतीवर घर चालवणाऱ्यांना त्यातून सूट दिली. म्हणजे वसुली वरून सुरू झाली आणि सूट खालच्याला मिळाली. आपल्याकडे गंगा उलटी वाहिली.

कोणी म्हणेल, तुम्ही प्लास्टिकची वकिली करता. अजिबात नाही. गाई-म्हशींच्या पोटातून निघणारे पिशव्यांचे बोळे शेतकऱ्याला कोणी दाखवायला नको. शहरी कचऱ्याच्या खतातून प्लास्टिकचे तुकडे आपल्याच रानात येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुंबलेल्या गटारांत पिशव्या होत्याच. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेले, मिठागरातली कुटुंबे अडकली, तेव्हा तर पिशवीबंदी लागू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. पण पाण्याची वाट अडली ती पिशवीनेच का? सखल जमिनीवर भराव टाकून इमारती उठवणाऱ्यांना त्या पाण्याचा दंड किती झाला? पिशवी जावी, हे कबूल. प्रश्न आहे तो ती घालवण्याचा खर्च कोणाच्या पाटीवर ठेवायचा, हा.

आता आपल्या कपाशीचे. प्लास्टिक गेले की कापडी पिशवी येईल आणि कापसाला भाव येईल, असे सांगणारे पुढारी भेटतात. हिशेब करू. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. कताई-विणाईची घट धरली तर १०० ग्रॅमच्या अंदाजे ३०० पिशव्या होतील. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, म्हणजे सरकीसकट एका पिशवीत २७ रुपयांचा कापूस. मग दुकानात १० रुपयांना मिळणारी ‘कापडी’ पिशवी कशाची? ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच, फक्त दिसायला कापडासारखी. २०१८ च्या अधिसूचनेत तीही बंद होती. २०२२ च्या अखेरीस ६० जीएसएमहून जाड अशा पिशव्यांना मोकळीक मिळाली. कापसाचे नाव आणि माल कारखान्याचा!

खऱ्या सुती पिशवीबद्दलही खरेच बोलले पाहिजे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, हवामानावरचा भार पाहता सुती पिशवी १३१ वेळा वापरली तरच ती एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. आपल्या घरात बाजाराची पिशवी फाटेपर्यंत वापरतात, मग तिची चिंधी होते. त्या रीतीला हा आकडा जड नाही. दर खेपेला नवी पिशवी घेणाऱ्या शहराला मात्र तो जड आहे. तेव्हा पिशवीतून कापसाचा भाव वाढेल या आशेवर राहू नका. गिरण्यांसाठी ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ या काळात कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले, तेव्हा सूट कोणाला आणि भार कोणावर हे पुन्हा दिसलेच.

म्हणून सुटीचा नियम एकच असावा. ज्याला आपल्या मालाचा भाव ठरवता येतो, त्याने भरावे. ज्याला भाव मागावा लागतो, त्याला सूट मिळावी. पाकिटावर किंमत छापणारा पहिल्या वर्गात येतो. टोपलीवाली, मासळीवाली आणि रेशनवर जगणारे गिऱ्हाईक दुसऱ्या वर्गात येतात.

जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांवर चर्चा करून ठराव करावा:

१. टोपली, हातगाडी किंवा जमिनीवर बसून स्वतःचा माल विकणाऱ्यांना पिशवीच्या दंडातून सूट द्यावी. दंड पिशव्या बनवणाऱ्याला आणि घाऊक विकणाऱ्याला करावा.

२. बाजारात बसण्याची पावती पालिका फाडते. त्याच पैशातून प्रत्येक बाजारात अनामत घेऊन सुती पिशव्या द्याव्यात. पिशवी परत आली की अनामत परत.

३. ओली मासळी आणि मांस यांच्यासाठी वेगळा, व्यवहाराला धरून नियम करावा.

४. अंत्योदय आणि प्राधान्य शिधापत्रिकाधारकांकडून कोणत्याही दुकानात पिशवीचे पैसे घेऊ नयेत.

५. मोठ्या दुकानांनी जमवलेले पिशवीचे पैसे कचरा व्यवस्थापनासाठी पालिकेकडे भरावेत आणि त्याचा हिशेब दरवर्षी फलकावर लावावा. स्वतःची जाहिरात छापलेली पिशवी फुकट द्यावी.

६. ज्या पिशवीत सूत नाही, ती ‘कापडी’ म्हणून विकायला बंदी घालावी.

ठराव करताना आपापल्या तालुक्याच्या आठवडी बाजारात अशा दंडाची पावती कोणाकोणाच्या नावाने फाटली, याची यादी सोबत आणा. त्यात भाजीवाल्या किती आणि कंपन्या किती, हे मोजले की ठरावाला वेगळ्या भाषणाची गरज राहणार नाही.