जुन्या वस्त्राला नवें ठिगळ

गेल्या दिवाळीच्या सुटीपासून आमच्या कानीं एकच चर्चा वारंवार येत आहे. घरांत आठ-दहा वर्षांचा जुना संगणक आहे. त्यावर नवे खेळ चालत नाहींत. तेव्हां त्यांत नवें ग्राफिक्स कार्ड बसवावें कीं संबंध यंत्रच बदलावें? विद्यार्थी उत्साहानें विचारतात, पालक कपाळाला आठ्या घालून ऐकतात, आणि वडील मंडळींपैकीं कोणी तरी शुभवर्तमानांतील जुन्या वस्त्राचा व नव्या ठिगळाचा दृष्टांत काढून वाद मिटवितो. दृष्टांताविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु तो संगणकासाठीं सांगितलेला नव्हे, आणि जुन्या प्रोसेसराला नवें कार्ड जोडणें म्हणजे पैसा पाण्यांत घालणें, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं.

प्रश्न पोरकट म्हणून सोडून देण्यासारखाहि नाहीं. बऱ्यापैकीं कार्डाची किंमत वीस-तीस हजारांच्या घरांत सहज जाते. आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत एवढी रक्कम कांद्याच्या पट्टींतून किंवा दुधाच्या पगारांतून बाजूला काढावी लागते. संबंध यंत्र घ्यावयाचें तर तिच्या दुपटी-तिपटीची तयारी हवी.

खेळाचें चित्र पडद्यावर उमटतें तें दोघांच्या मेहनतीनें. कोण कोठें उभा आहे, चेंडू कशावर आदळला, शत्रु कोणत्या वाटेनें येणार, हें सारें प्रोसेसर ठरवितो आणि काय काढावयाचें याची याद कार्डाकडे धाडतो. कार्ड तें चित्र रंगवितें. पहिल्याची याद आल्यावांचून दुसऱ्याचा कुंचला हलत नाहीं.

नगरकरांना ही गोष्ट समजावून सांगण्यास हातमागासारखें साधन नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं आपल्या नगरासच (आतांच्या अहिल्यानगरास) सुधारलेला हातमाग बनविला. विणकराचें काम अधिक वेगानें व्हावें हा त्यामागील हेतु. परंतु माग कितीहि चपळ केला, तरी कांड्या भरणारे हात तितकेच राहिले तर तो मधून मधून थांबणारच. इंग्लंडांत असेंच झालें होतें. जॉन के यानें १७३३ सालीं झटक्या धोट्याचें पेटंट घेतलें. विणणें झपाट्यानें होऊं लागलें, आणि सूत कातणाऱ्यांना विणकरांची मागणी पुरवितां येईना. पुढें हारग्रीव्ह्ज याचें कातण्याचें यंत्र निघालें तेव्हां कोठें ती ओढाताण कमी होऊं लागली. आपल्या प्रश्नांत कार्ड हा नवा माग आणि प्रोसेसर हा कांड्या भरणारा.

आतां थोडा हिशेब करूं. समजा, प्रोसेसराला एका चित्राची तयारी करण्यास २० मिलिसेकंद लागतात आणि जुन्या कार्डाला तें रंगविण्यास ४०. तर सेकंदाला २५ चित्रें मिळतील. नवें कार्ड तेंच काम ८ मिलिसेकंदांत करतें. त्याची स्वतःची ऐपत १२५ चित्रांची. पण प्रोसेसर ५० च्या पुढें पुरवूं शकत नाहीं. येथें जाणते लोक हळहळतात कीं कार्ड निम्म्याहून अधिक वेळ रिकामें बसलें. तें खरेंच, पण पंचवीसांचीं पन्नास झालीं हेंहि तितकेंच खरें, आणि खेळणाऱ्याला पन्नासच दिसतात, कार्डाची विश्रांति दिसत नाहीं. कोणत्याहि दोन नांवांची जोडी सांगितली कीं शेंकडा इतके वायां गेलें असें सांगणारीं कोष्टकें हल्लीं फार झालीं आहेत. खेळ कोणता, पडदा केवढा, हें न विचारतां दिलेल्या त्या आंकड्यांना आम्ही कवडीची किंमत देत नाहीं.

पडद्याची गोष्ट तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारें २१ लाख ठिपके असतात; ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर बरोबर चौपट, सुमारें ८३ लाख. हा वाढीव भार जवळजवळ सगळा कार्डावर पडतो. म्हणून परीक्षाहि सोपी आहे आणि तिला एक पैसा लागत नाहीं. आहे त्याच यंत्रावर, आहे त्याच कार्डानें, आवडता खेळ अगदीं लहान रेझोल्यूशनवर व चित्राची सजावट कमी करून चालवून पाहावा. त्या वेळीं सेकंदाला जितकीं चित्रें मिळतील, तितकी आपल्या प्रोसेसराची धांव असें साधारणपणें समजावें. आंकडा एकदम वर गेला तर नवें कार्ड उपयोगीं पडेल. जागचा हलला नाहीं तर तीस हजारांचें कार्डहि कांहीं करूं शकणार नाहीं. दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं किती मुलें हें करतात?

जुन्या-नव्याची जोडी मोठ्या विद्वानांनींहि लावलेली आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्याची शक्ति अपुरी वाटूं लागतांच पुढच्या परम ८६०० मध्यें पूर्वीच्याच ट्रान्सप्यूटरांच्या जोडीला इंटेलचा नवा आय८६० प्रोसेसर दिला.

परंतु जोडी लावतांना आंधळेपणा नको. मौज अशी कीं, गरिबाच्या यंत्रासाठीं म्हणून जीं स्वस्त कार्डें निघतात, त्यांतील कांहीं जुन्या यंत्रांतच अधिक रुसतात. जानेवारी २०२२ मध्यें आलेल्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला मदरबोर्डाशीं बोलण्यास चारच मार्गिका आहेत. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस खांचेंत त्याचा वेग पुष्कळदां घटतो. डिसेंबर २०२४ मधील इंटेलचें आर्क बी५८० नव्या प्रोसेसराबरोबर उत्तम चालतें. पण जुन्याबरोबर कित्येक खेळांत तें बरेंच मंदावतें, असें महिन्याभरांतच परीक्षकांना दिसून आलें. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसराकडूनच अधिक राबणूक घेतो. उलट ज्यांच्या घरीं एएमडीच्या एएम४ जातीचा मदरबोर्ड आहे ते भाग्यवान. २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायॉस अद्ययावत केल्यास २०२२ सालचा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो. म्हणजे माग तोच ठेवून कांड्या भरणारा बदलतां येतो.

विजेचा विचार तर बहुतेक जण करीतच नाहींत. आम्हींहि केला नाहीं. एका कचेरींतून निवृत्त झालेलें चार कोअरचें यंत्र आम्हीं घेतलें, त्यासाठीं मोठ्या हौसेनें कार्ड आणलें, आणि पेटी उघडल्यावर कळलें कीं कार्डाला वीज पुरविणारी तारच पॉवर सप्लायमध्यें नाहीं. खांचेंतून ७५ वॅटच मिळतात. कार्डाला त्याच्या दुप्पट हवे. साधा पॉवर सप्लाय आणावा, तर त्या पेटीचा घाट इतका निराळा कीं तो आंत बसेना. तें कार्ड परत करून ७५ वॅटांत भागणारें लहान कार्ड घेतलें. आतां सेकंदाला साठ चित्रांची मर्यादा घालून फुटबॉलचा खेळ सुरळीत चालतो. गजबजलेल्या शहरांतून मोटारी पळविण्याचा खेळ मात्र चौकाचौकांत अडखळतो, कारण तेथें गर्दीचा हिशेब प्रोसेसराला झेपत नाहीं. आणि त्यावरून आमच्या घरीं दर रविवारीं उपासनेनंतर वाद होतो, तो अजून मिटलेला नाहीं.