व्हॅन भाड्यानं मिळेल, पण मुक्कामाचं काय?

गोव्याचा प्लॅन दर वर्षी जिथे रद्द होतो, त्या प्रत्येक कॉलेज ग्रुपवर हल्ली एक रील फिरतेय. व्हॅनचा मागचा दरवाजा उघडा, आत पांढरी गादी, पिवळ्या लाइटची माळ, समोर तलाव आणि हातात कॉफीचा मग. खाली लिहिलेलं असतं, ‘नो नेटवर्क, नो टेन्शन’. मग कुणीतरी मेसेज टाकतं, ‘सेमिस्टर संपली की हे फिक्स. चौघांत वाटून किती पडतील?’

किती पडतील, हे विचारणं बरोबरच आहे. पण त्याच्या आधी अजून एक गोष्ट विचारायला हवी आणि ती ग्रुपवर कुणीच विचारत नाही. रात्री गाडी कुणाच्या जागेत उभी राहणार?

मी देऊळघाटची. बुलढाण्याजवळचं, पैनगंगेच्या काठचं हे गाव. इथून बुलढाणा हाकेवर, अजिंठ्याची लेणी दीड-दोन तासांवर. लोणार, सिंदखेड राजा, शेगाव हे सगळं याच जिल्ह्यात. म्हणजे व्हॅन घेऊन फिरणाऱ्याला लागतं ते सगळं आमच्याकडे आहे. डोंगर आहे, जंगल आहे, उल्केमुळे तयार झालेलं सरोवर आहे आणि रात्री तारे दिसतील इतका अंधारही आहे. त्यामुळे ‘ऑफ ग्रिड’ जायला निघालेली मंडळी आज ना उद्या आमच्या गावाच्या कडेला येऊन थांबणार, हे मी धरूनच चाललेय. त्यांनी यावं असंच मला वाटतं. फक्त ‘ऑफ ग्रिड’ म्हणजे जिथे कुणीच राहत नाही अशी जागा, हा गैरसमज त्यांनी घरी ठेवून यावं.

आधी गणित करू. कॅम्पर व्हॅन म्हणजे बहुतेक वेळा टेम्पो ट्रॅव्हलर किंवा तशीच एखादी गाडी. आतल्या सीटा काढून तिथे झोपायची जागा, छोटं बेसिन, गॅस, फ्रिज, पाण्याची टाकी, बॅटरी आणि टपावर सोलर पॅनल बसवलेलं असतं. समजा बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची आहे. म्हणजे पूर्ण चार्ज असताना साधारण १२०० वॉट-तास वीज. छोटा फ्रिज, दिवे, पंखा आणि चार मोबाइल एवढ्यावर दिवस निघतो. एसी लावला की तासा-दीड तासात खेळ खल्लास. टपावर २०० वॉटचं पॅनल असेल आणि ऊन चांगलं असेल, तर दिवसभरात ८०० ते ९०० वॉट-तास परत मिळतात. पावसाळ्यात ढग दाटले की तेही नाही. मग काय होतं? कुणाच्या तरी ओट्यावरच्या बोर्डात आपली वायर जाते. ग्रिड सोडून निघालेले आपण दुसऱ्या रात्री ग्रिडच शोधत फिरतो.

पाण्याचं तर याहून अवघड आहे. टाकी १०० लिटरची धरा. चार जण, दोन दिवस. माणशी दिवसाला साडेबारा लिटर. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळायला हवं, असं ठरवलंय. शहरातली आपली सवय तर त्याहून कितीतरी मोठी. म्हणजे टाकी दोन दिवसांत संपणारच, बहुधा पहिल्याच दिवशी. ती भरायची कुठे? हातपंपावर, नाहीतर कुणाच्या विहिरीवर. डिसेंबरात कुणी नाही म्हणणार नाही. एप्रिल-मे महिन्यात मात्र बुलढाणा जिल्ह्यात कितीतरी गावं टँकरची वाट बघत असतात. तेव्हा हंड्यांच्या रांगेत आपली १०० लिटरची टाकी घेऊन उभं राहायचं, याला ॲडव्हेंचर म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

आणि वापरलेलं पाणी? भांड्यांचं, आंघोळीचं, साबणाचं? व्हॅनमधल्या पोर्टेबल टॉयलेटची टाकी साधारण २० लिटरची असते. चौघांत ती दोन दिवसांत भरते. रीलमध्ये हे कधीच दिसत नाही. आमची पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, देऊळघाटाजवळून वाहते आणि पुढे येळगावच्या धरणात अडते. बुलढाणा शहर त्याच धरणाचं पाणी पितं. नदीकाठी व्हॅन लावून कुणी रात्री टाकी रिकामी केली, तर ती घाण ‘निसर्गात’ जात नाही. ती शहराच्या नळाकडे निघते. त्या नळावर आमच्यासारखेच कॉलेजात जाणारे पोरं-पोरी पाणी भरतात.

मग थांबायचं कुठे? ‘कुठेही’ हे उत्तर चालणार नाही. लोणार सरोवराचा परिसर २००० सालापासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळालाय. तिथे काठावर चूल पेटवून मुक्काम करता येत नाही. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचं ज्ञानगंगा अभयारण्यही तसंच. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ दोन राज्यांतून शेकडो किलोमीटर चालत चालत या ज्ञानगंगेत पोहोचला होता. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून हे आपल्याला कळलं. त्याला कुणाची परवानगी लागली नाही. आपल्याला लागते. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, पण त्याच्या कडेला गाडी लावून झोपणं जिवावर बेतू शकतं. मागून ताशी १२० च्या वेगाने गाड्या येत असतात. आणि जी जागा नुसतीच मोकळी दिसते, ती कुणाचं तरी शेत असते, नाहीतर गायरान. मोकळी जागा म्हणजे बेवारस जागा नव्हे, हे गावात लहान पोरालाही माहीत असतं.

खरं तर चाकांवर संसार घेऊन फिरणं आपल्याला नवीन नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दर वर्षी पायी पंढरपूरला जाते. वारीतल्या दिंड्यांबरोबर ट्रक असतो. त्यात तंबू, गॅस, शिधा, भांडी. पाण्याचा टँकर सोबत असतो. कॅम्पर व्हॅनमध्ये आणखी काय असतं? फरक एवढाच की, दिंडीचा प्रत्येक मुक्काम आधी ठरलेला असतो आणि त्या गावाला पाहुणे येणार हे माहीत असतं. तरीही संडासाचा प्रश्न होताच. म्हणून ‘निर्मल वारी’सारखे उपक्रम सुरू झाले आणि मुक्कामाच्या गावांत फिरती शौचालयं उभी राहिली. मेंढपाळांचं बघा. सुगी झाली की ते कळप घेऊन गावोगाव फिरतात. शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला बोलावतो, कारण लेंडीखत मिळतं. त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे रात्रीच्या मुक्कामाचाही एक व्यवहार असतो. दोघांनाही काहीतरी मिळतं. आपण व्हॅन घेऊन आलो, तर त्या शेतकऱ्याला काय मिळणार? चिप्सची रिकामी पाकिटं?

यावर तुमचं म्हणणं काय असेल, ते मला माहितीये. ‘सगळं आधी विचारायचं, पैसे द्यायचे, जागा ठरवायची, मग त्यात ॲडव्हेंचर काय राहिलं? हॉटेलच बुक केलं असतं ना!’ मुद्दा अगदीच चूक नाही. अचानक कुठेतरी थांबण्यात मजा असतेच. पण ती मजा दिवसा घ्या ना. घाटात थांबा, धाब्यावर थांबा, बोरं विकणाऱ्या मावशींशी गप्पा मारा. रात्रीचा मुक्काम मात्र कुणीतरी ‘या’ म्हटलेल्या जागीच करा. रात्री अकरा वाजता अनोळखी गाडी शिवाराच्या कडेला दिसली, तर गावकरी बॅटऱ्या घेऊन येणारच. मोटारी, केबल, जनावरं चोरीला जाण्याचा अनुभव त्यांना असतो. संध्याकाळी सहाला जाऊन ‘काका, एक रात्र गाडी लावू का? काय द्यायचं ते सांगा’ असं विचारलं, तर तेच काका बहुधा भाकरी खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत.

दुसरा आक्षेप पैशांचा. तो मला जास्त पटतो. व्हॅनचं दिवसाचं भाडं चार आकड्यांत सुरू होतं आणि सहज पाच आकड्यांवर जातं. वर डिझेल, टोल, डिपॉझिट, ड्रायव्हर असेल तर त्याचा भत्ता आणि ठरलेल्या किलोमीटरच्या पुढे गेलात तर त्याचे वेगळे पैसे. एवढ्या खर्चात मुक्कामाचे दोन-चारशे रुपये वाचवायला बघणं म्हणजे लग्नात लाखो उडवून बँडवाल्याशी घासाघीस करण्यासारखं आहे. आणि बजेट खरंच नसेल, तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास आहेच. चार किंवा सात दिवसांचा काढा आणि अख्खा महाराष्ट्र पालथा घाला. एसटी स्टँडवरही नेटवर्क जातंच कधीकधी.

तरीही व्हॅन हवी, असं मी म्हणते, त्याचं एक कारण आहे. ते मुलींना लगेच कळेल. आमच्या प्रवासाचा नकाशा अनेकदा ‘तिथे बाथरूम आहे का’ यावरच ठरतो. पाणी कमी प्यायचं, पाळीच्या तारखा बघायच्या, धाब्याच्या मागचं दार उघडून परत फिरायचं. गाडीतच टॉयलेट असणं आणि आतून लागणारी कडी असणं, ही आमच्यासाठी चैन नाही. त्यानं कुठे जायचं हे आम्हाला ठरवता येतं. पण तीच व्हॅन निर्मनुष्य जागी उभी असेल, तर घरचे पाठवणार नाहीत आणि त्यांचं चुकणारही नाही. एखाद्या घराच्या अंगणात, माणसांच्या नजरेत उभी असेल, तर गोष्ट वेगळी.

भाड्यानं घेताना काही गोष्टी तपासायलाच हव्यात. नंबर प्लेट बघा. भाड्याच्या गाडीची प्लेट पिवळी असते, त्यावर काळे आकडे. आपण स्वतः चालवायला घेतो त्या भाड्याच्या गाडीची प्लेट काळी आणि आकडे पिवळे. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कुणी ‘ओळखीत’ भाड्यानं देत असेल, तर अपघात झाल्यावर विम्याचा प्रश्न तुमच्या गळ्यात पडू शकतो. आरसी बुक मागा. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे. त्यामुळे केलेले बदल आरटीओच्या कागदांवर आहेत का, ते विचारा. तुमचं लायसन्स त्या वजनाच्या गाडीला चालतं का, हेही पाहा. गॅसचा पाइप, अग्निशामक आणि खिडक्या उघडतात की नाही, हे घेण्याआधी बघा. थंडी वाजते म्हणून आत शेगडी पेटवून काचा बंद करून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

आता सरकारकडे वळू. २०२१ मध्ये राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांबरोबर त्या उभ्या करायच्या पार्कचाही विचार आहे. त्याच्या आदल्याच वर्षी कृषी पर्यटनाचं धोरण आलं होतं. दोन्ही कागद एकत्र ठेवले, तर आमच्यासारख्या गावाला काय हवं ते दिसतं. मोठं रिसॉर्ट नको. चार गाड्या मावतील एवढी सपाट जागा, एक नळ, मीटर लावलेला विजेचा पॉइंट, टॉयलेटची टाकी रिकामी करायला नीट बांधलेला शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक आणि दरपत्रकाचा एक बोर्ड. चालवायला बचत गट. जेवण त्यांच्याच हातचं, ज्वारीची भाकर आणि ठेचा. पाणी किती द्यायचं, हे गावच ठरवेल. मे महिन्यात ‘पाणी नाही, टाकी भरून या’ असा बोर्ड लावायचा हक्कही गावाचाच.

हे आत्ता केलं नाही, तर काय होईल, तेही सांगते. दोन-तीन हंगाम गाड्या येतील, नदीकाठी टिश्यू आणि बाटल्या दिसतील, मग एक दिवस वेशीवर ‘पर्यटकांना बंदी’ असा फलक लागेल. पुढच्या वर्षी नीट वागणारी पोरं आली, तरी त्यांना तोच फलक दिसेल.

तर ग्रुपवर आज रात्री पुन्हा ती रील आली की, खाली एवढंच टाका, ‘मुक्कामाच्या गावात कुणाला फोन केला?’ उत्तर आलं, तर बॅगा भरा. आमच्याकडे येणार असाल, तर पाण्याची टाकी बुलढाण्यातच भरून घ्या आणि दिवस मावळायच्या आत पोहोचा.