आधी खडा ओळखा

उज्जैनच्या टावर चौकात उन्हाळ्याच्या संध्याकाळी लिंबू-सोडा मागवावा आणि शेजारच्याने ‘मुतखड्यावर याच्यासारखं औषध नाही’ म्हणावं, यात नवल नाही. त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. लिंबू चवीला आंबट, पण त्यातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं आणि लघवीची आम्लता थोडी उतरू शकते. लघवीत पोचलेलं सायट्रेट कॅल्शियमलाही बांधून ठेवतं. मात्र बाटलीतल्या सोड्याचे बुडबुडे नुसत्या कार्बन डायऑक्साइडचे. त्यांचा इथे उपयोग नाही. ग्लासातलं काळं मीठ किंवा घरी पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा तर सोडियम वाढवतो आणि त्यासोबत लघवीत जास्त कॅल्शियम उतरतं. डॉक्टर पोटॅशियम सायट्रेटला पसंती देतात ती त्यामुळेच.

मुतखड्यावर क्षार देण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तीळ, आघाडा, केळ, पळस, जव यांचा क्षार सांगितला आहे आणि वनस्पतींच्या राखेत पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. पण त्याच सुश्रुताने अश्मरीचे, म्हणजे मुतखड्याचे, आधी चार प्रकार पाडले, मग उपचार सांगितले. क्षार आपण लक्षात ठेवला, प्रकार विसरलो.

प्रकार आजही निर्णायक आहेत. युरिक ॲसिडचा खडा आम्ल लघवीत होतो; पीएच साडेसहाच्या आसपास राखला तर तो बहुधा विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा विरघळत नाही, पण सायट्रेटमुळे नवा होण्याची शक्यता घटते. कॅल्शियम फॉस्फेटचा आणि जंतुसंसर्गातून होणारा स्ट्रुव्हाइट हे तर अल्कधर्मी लघवीतच वाढतात. तिथे क्षार म्हणजे आगीत तेल. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील, तर क्षारातलं पोटॅशियम साचून हृदयावर बेतू शकतं.

तरीही कळ आली की मेडिकलमधून चिठ्ठीविना क्षाराचं सिरप येतं, आणि पडलेला खडा संडासात वाहून जातो. खरं तर लघवी गाळून तो पकडावा, तपासायला द्यावा, लघवीचा पीएच पाहावा. बहुतेकांना चालणारा सल्ला एवढाच: दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं आणि मीठ कमी खावं. क्षार मात्र खड्याचा रिपोर्ट पाहूनच घ्यावा.