‘सखोल’ म्हणजे किती खोल?

शासनाचे निवेदन असो, विद्यापीठातील प्रबंध असो वा संस्थेच्या सभेतील ठराव असो, ‘सखोल’ या शब्दावाचून त्याचे पान सहसा हलत नाही. चौकशी सखोल, अभ्यास सखोल, विचारविनिमयही सखोल. दुर्घटना घडताच सखोल चौकशीचे आश्वासन मिळते आणि ते वाचून जाणता वाचक वर्तमानपत्राचे पान उलटतो. ज्या शब्दाने विश्वास वाटावा त्यानेच संशय बळावावा, ही हानी केवळ भाषेची नव्हे. ती लोकव्यवहाराचीही आहे.

वस्तुतः खोली सांगणारे मराठी शब्द मोजमापाच्या अंगाने वाढले आहेत. विहीर किती परस, असे खेड्यात विचारीत. परस म्हणजे हात उंचावून उभ्या राहिलेल्या पुरुषाची उंची. दर्यावर्दी लोक पाण्याची खोली वावांत सांगत; वाव म्हणजे दोन्ही हात पसरले असता होणारे अंतर. ज्याचा तळ लागला त्याचा ‘थांग’ लागला, ज्याचा लागत नाही ते ‘अथांग’. तोही शब्द मोजण्याची खटपट करून पाहिलेल्या माणसाचाच आहे. १८७५ साली ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजावरील संशोधकांनी दोराला वजन बांधून पॅसिफिक महासागरातील मारियाना खंदकात ८ हजार मीटरांहून अधिक खोली नोंदवली. पुढे साधने सुधारली आणि तेथील सर्वांत खोल जागा सुमारे १०,९०० मीटर ठरली. अथांग म्हटलेल्या सागरालाही अखेर आकडा मिळाला. ‘सखोल’ चौकशीला मात्र तो मिळत नाही.

शब्दांचे अर्थ पालटतात, यात नवल नाही. संस्कृतात ‘गंभीर’ म्हणजे खोल; कालिदासाच्या ‘मेघदूता’त गंभीरा नावाची नदीच आहे. मराठीत त्या शब्दाचा पाण्याशी असलेला संबंध जवळजवळ सुटला आणि तो मुद्रेला, आजाराला व प्रसंगाला लागू झाला. परंतु ‘गंभीर’ने एक अर्थ सोडताना दुसरा धारण केला. ‘सखोल’ची गोष्ट निराळी आहे. तो जुना अर्थ सोडीत आहे आणि नवा कोणताच घेत नाही.

चौकशी म्हणजे काही विहीर नव्हे, तिच्यात दोर कसा सोडावा, असा आक्षेप येईल. तथापि खोली मोजण्यासाठी दोरापेक्षाही दोन गोष्टी अधिक आवश्यक असतात: कोठून मोजायचे आणि कोठपर्यंत जायचे. भूजलाची पातळीदेखील जमिनीपासून इतके मीटर खाली, अशीच सांगतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि प्रवाशांनी भरलेल्या एस. टी. गाड्या नदीत गेल्या. अशा प्रसंगी पूल कशाने कोसळला, हा पृष्ठभागावरचा प्रश्न होय. त्याची शेवटची तपासणी कोणी व कशी केली, हा त्याखालचा. तपासणीतून निघालेल्या सूचना कोणाच्या मेजावर पोचल्या आणि त्यांचे काय झाले, हा त्याहून खालचा. यांपैकी कोणत्या थरापर्यंत जाणार, कोणाची साक्ष घेणार, अहवाल केव्हा येणार आणि तो जनतेला वाचावयास मिळणार की नाही, एवढे सांगितले की ‘सखोल’ला माप मिळते. न सांगितल्यास तो शब्द केवळ कालहरणाचे साधन ठरतो.

हीच कसोटी शाळा-महाविद्यालयांनाही लावावी लागेल. उत्तरपत्रिकेत ‘लेखकाने जीवनाचे सखोल चित्रण केले आहे’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गुण देण्यापूर्वी ते कोणत्या प्रसंगात दिसते, हे शिक्षकांनी विचारले पाहिजे. लांबी आणि रुंदी ही कागदाची मापे आहेत; पाने वाढल्याने प्रबंधाची वा अहवालाची खोली वाढत नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे तर सर्वश्रुतच आहे.

मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाला वरिष्ठांचा शब्द बदलण्याचा अधिकार नसेल. परंतु ‘सखोल’च्या पुढे मुदत आणि कार्यकक्षा यांसाठी जागा सोडणे त्याच्या हाती आहे. ती जागा भरता येत नसेल, तर ‘चौकशी करण्यात येईल’ एवढेच लिहावे. ते वाक्य लहान दिसेल, पण खोटे ठरणार नाही.