न वाचता दाबलेला अंगठा

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले की कळमनुरीच्या अलीकडे आखाडा बाळापूर लागते. हळदीच्या पट्ट्यातले हे बाजाराचे गाव. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि येथल्या माणसाला दोन प्रकारचा पैसा ओळखावा लागे: संस्थानचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. दोन्ही रुपयेच, पण मोल सारखे नाही. हातात आलेला रुपया कोणता हे ज्याला वाचता येत नसे, तो बाजारात नागवला जाई. पैसा हाताळण्यासाठी काहीतरी वाचता यावे लागते, हे या मुलखाला कोणी नव्याने शिकवायला नको.

हे आठवण्याचे कारण म्हणजे कूटचलन आणि ते सांभाळण्यासाठी वापरले जाणारे हार्डवेअर वॉलेट. साहित्याच्या वाचकांपुढे हा विषय काढल्याबद्दल काहींच्या भुवया उंचावतील. आमचे म्हणणे एवढेच, की या यंत्राभोवतीचा मूळ प्रश्न तंत्रज्ञांइतकाच, किंबहुना किंचित अधिकच, आपला आहे.

प्रथम यंत्राविषयी. नावात पाकीट असले तरी त्यात नाणी नसतात. नाण्यांची नोंद जगभरच्या संगणकांवर पसरलेल्या एका सामाईक खातेवहीत असते. बोटभर लांबीच्या या यंत्रात असते ती फक्त गुप्त किल्ली. संगणकावरचे सॉफ्टवेअर व्यवहाराचा मसुदा तयार करते. तो मसुदा यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर उमटतो. धारकाने बटण दाबून होकार दिला, की यंत्र आतल्या आत त्यावर सही करते. बाहेर जाते ती सही. किल्ली कधीच बाहेर पडत नाही. त्यामुळे संगणकात चोर शिरलेला असला तरी किल्ली त्याच्या हाती लागू नये, अशी ही योजना आहे. प्रागचे ट्रेझर आणि पॅरिसचे लेजर ही या प्रकारातली सर्वांत परिचित नावे. योजना उत्तम आहे, याविषयी आमची तक्रार नाही. मात्र तिचे गोडवे गाताना बोलले जाते ते केवळ किल्लीविषयी. पडद्यावर उमटलेला मजकूर धारक वाचतो, आणि वाचलेले त्याला कळते, हे गृहीतच धरलेले असते. आमचा आक्षेप या गृहीतकावर आहे.

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे, म्हणजे अंदाजे दोन हजार कोटी रुपयांचे, कूटचलन चोरीला गेले. ज्या वॉलेटमधून ते गेले त्याला एक नव्हे, सहा सह्यांचे अधिकारी होते. पाच कंपनीचे, तर सहावा लिमिनल या संरक्षक संस्थेचा. कंपनीच्या तिघांची मान्यता आणि त्यावर लिमिनलची अंतिम मान्यता मिळाल्याखेरीज पैसा हलत नसे. कंपनीच्या निवेदनानुसार तिचे अधिकारी हार्डवेअर वॉलेटच वापरत होते. याच निवेदनात घटनेचे कारण दिले आहे ते असे: पडद्यावर दिसणारा तपशील आणि प्रत्यक्षात ज्यावर सही झाली तो मजकूर, हे दोन्ही वेगळे होते. लिमिनलने आपल्या यंत्रणेत शिरकाव झाल्याचे नाकारले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीची जबाबदारी उत्तर कोरियावर टाकली. पुढच्याच महिन्यात बायबिट या एक्सचेंजमधून जवळजवळ दीडशे कोटी डॉलर गेले, तेही याच वाटेने. सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा निरुपद्रवी व्यवहार दिसत होता.

या प्रकाराला तंत्रज्ञांच्या बोलीत 'आंधळी सही' म्हणतात. गुंतागुंतीचा व्यवहार यंत्राच्या छोट्या पडद्यावर मावत नाही. मग दिसते ती अक्षरे आणि आकडे यांची एक निरर्थक माळ. सॉफ्टवेअर सांगते म्हणून आपण अंगठ्याने बटण दाबतो. काही यंत्रांवर तर दोन बटणे एकदम दाबावी लागतात, म्हणजे दोन अंगठे.

मराठी वाचकाला हा अंगठा ओळखीचा वाटायला हवा. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या दप्तरांतील कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. ज्या कागदांवर त्यांची निशाणी होती ते कागद त्यांना वाचता येत नव्हते. निशाणी खरी होती, साक्षीदार खरे होते. खोटे होते ते फक्त सांगणे आणि लिहिणे यांतले नाते. त्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी जो कायदा झाला, त्याने निशाणी अधिक पक्की करण्याचा उपाय योजला नाही. रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, त्याने तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि देणेकऱ्याला तो समजला आहे याची खात्री करून घ्यावी, असा त्याचा आशय होता. कायद्याचे यश किती, हा वेगळा प्रश्न. पण रोगाचे निदान अचूक होते. दीडशे वर्षांनी आपण अभेद्य सही शोधून काढली आहे, आणि वाचून दाखवणाऱ्याला मात्र विसरलो आहोत.

दुसरा मुद्दा भाषेचा. हे यंत्र हरवले वा मोडले तर किल्ली परत मिळावी म्हणून सुरुवातीलाच बारा किंवा चोवीस शब्द कागदावर उतरवून घ्यायला सांगतात. हे शब्द २०१३ मध्ये मांडलेल्या एका प्रमाणाप्रमाणे २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात. यादी इंग्रजी आहे. जपानी, कोरियन, स्पॅनिश, चिनी, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज आणि चेक याद्याही आहेत, मराठी नाही. चेक भाषकांची संख्या सुमारे एक कोटी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून अधिक. समजा, बाळापुरातल्या कोणी हे शब्द आपल्या सोयीच्या लिपीत उतरवून घेतले आणि त्यांत 'राइट' असा एक शब्द निघाला. आता हा राइट कोणता? 'बरोबर' या अर्थाचा की 'लिहिणे' या अर्थाचा? दोन्ही शब्द यादीत आहेत. एकाच शब्दाचा संशय असेल तर दोन्ही करून पाहता येतात, कारण शेवटच्या शब्दात पडताळ्याची सोय असते. असे पाच-सहा शब्द निघाले आणि लिहिणारा हयात नसला, तर वारसाने काय करावे?

मग मराठी यादी करावी काय? अभिमानाने 'होय' म्हणण्यापूर्वी थांबावे, असे आम्हांस वाटते. यंत्र अर्थ वाचत नाही आणि अक्षराचे रूपही पाहत नाही. ते पाहते अक्षरामागचे संकेतांक. 'दऱ्या' हा शब्द संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन भिन्न शब्द आहेत. दिसायला तोच शब्द, आणि त्यातून निघालेली किल्ली सर्वस्वी वेगळी. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे यांचे प्रश्न निराळेच. इंग्रजीशिवाय अन्य याद्या वापरू नयेत, असे प्रमाणाचे जतन करणारे स्वतःच बजावतात, कारण बहुतेक सॉफ्टवेअर त्या ओळखत नाहीत. तेव्हा तूर्तास शब्द इंग्रजी लिपीत, सुटे, क्रमांक घालून लिहावेत, हेच शहाणपणाचे. मराठीची मागणी करायची ती यादीसाठी नव्हे. सूचना, धोक्याचे इशारे आणि व्यवहाराचा आशय मराठीत समोर यावा यासाठी करावी.

येथे आपल्या जुन्या हुंडीची आठवण अपरिहार्य आहे. हुंडी गहाळ झाली तर तिची 'पैठ' लिहून मिळे. तीही हरवली तर 'परपैठ'. माणसाच्या हातून कागद हरवतो, हे त्या व्यवस्थेने गृहीत धरले होते. ओळखीची पेढी आणि बाजारातली पत यांच्या आधारावर दुसरा कागद तयार होई. चोवीस शब्दांना अशी पैठ नाही. आपण होऊन दुसरी प्रत केली तरच ती असते, आणि ती ज्याच्या हाती पडेल तोही धनीच ठरतो. गेनबिटकॉइन प्रकरणात मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आरोपीस वॉलेटचा पासवर्ड तपास यंत्रणेस द्यायला सांगावे लागले. सत्तेचा हात तेथे थबकतो. त्याच महिन्यात, याच प्रकरणाच्या तपासात पुणे पोलिसांनी मदतीस घेतलेल्या दोघा तज्ज्ञांना चलन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. आरोपाचा निकाल न्यायालय देईल. पण किल्ली पाहणे आणि मालक होणे यांत अंतर किती कमी, हे त्यातून दिसले. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे पावणेतीन लाख ग्राहकांचे पत्ते फुटले, तेव्हा अनेकांच्या दारी हुबेहूब कंपनीच्या भाषेतली पत्रे येऊन पडली: आपले चोवीस शब्द येथे भरा. हे शब्द यंत्राखेरीज कोठेही भरायचे नसतात, आणि ते मागणारा कोणीही असो, तो चोरच असतो. हा नियम ज्याला ठाऊक नव्हता त्याला त्याच्या यंत्राने वाचवले नाही.

कोणी कूटचलन घ्यावे, असे आम्ही सुचवत नाही. २०२२ पासून त्याच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे आणि जोखीम त्याहून मोठी. पण ज्यांनी घेतले आहे त्यांत आपले विद्यार्थी आहेत, त्यांचे भाऊ आहेत, कोठे एखादे सहकारीही असतील. त्यांना 'कोणावर विश्वास ठेवू नका' एवढाच मंत्र मिळालेला असतो. विश्वास काढून घेतल्यावर त्या जागी जे यायला हवे ते, म्हणजे सावकाश, अक्षर न अक्षर, संशयाने केलेले वाचन, कोणी शिकवत नाही. पत्त्याची पहिली आणि शेवटची चार अक्षरे जुळली की मधली सोडून देण्याची सवय लुटारूंना पक्की माहीत असते. ते तसेच दिसणारे पत्ते बनवतात. मधली अक्षरे गाळून वाचणारा विद्यार्थी आपण वर्गात रोज पाहतो.

समोरचा मजकूर आणि त्याबद्दल सांगितले गेलेले, यांतला फरक दाखवणे हेच साहित्याच्या अध्यापनाचे काम आहे. 'मला हे कळलेले नाही, म्हणून मी सही करणार नाही' एवढे वाक्य एखादा विद्यार्थी बाळापुरातल्या आपल्या घरी, संगणकासमोर, अंगठा उचलून म्हणू शकला, तर त्या शिकवण्याचे चीज झाले असे आम्ही समजू.