सार्वजनिक स्वरांवर खासगी जकात

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या कित्येक घरांतून आता पियानो, निदान त्याचा विजेवर चालणारा धाकटा भाऊ, येऊन बसला आहे. वाद्य मिळाले, शिक्षकही मिळाला. परंतु स्वरलिपी कोठून आणावयाची? बदलीच्या गावी पाश्चात्त्य संगीताचे दुकान असतेच असे नाही. मग इंटरनेटवर शोध होतो, एखादे संकेतस्थळ दरमहा वर्गणी मागते आणि आमचे सुशिक्षित पालक ती मुकाट्याने भरतात. कोणाच्या रचनांसाठी? तर बाख, बेथोव्हेन आणि शोपँ यांच्या! बाख १७५० साली वारला, बेथोव्हेन १८२७ साली, शोपँ १८४९ साली. यांच्या नावावर आज जकात कोण वसूल करतो व कोणत्या अधिकाराने, हे कोणी विचारीत नाही याचेच आम्हांस नवल वाटते.

कायदा याबाबत मुळीच संदिग्ध नाही. आपल्या देशात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो व ती कृती लोकांची होते. १९४५ साली वारलेला बार्टोकदेखील या हिशेबाने २००६ पासून आपल्याकडे मुक्त आहे. गावच्या पाणवठ्यावर कोणी फाटक उभारले तर आपण तक्रार करू. स्वरांच्या पाणवठ्यावर मात्र आपण रांग लावून पैसे मोजतो.

हे पाणी अडवू पाहणारे नाहीत असेही नाही. २००६ साली एडवर्ड ग्वो या संगीताच्या विद्यार्थ्याने मुक्त स्वरलिपींचे एक भांडार इंटरनेटवर उघडले. १५०१ साली व्हेनिसमध्ये सुट्या खिळ्यांनी अनेकस्वरी संगीत प्रथम छापणाऱ्या पेट्रुचीचे नाव त्याला लाभले आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशन या प्रकाशनसंस्थेने त्यास कायदेशीर पत्र धाडले. भांडार कॅनडात होते व तेथील मुदत त्या वेळी मृत्यूनंतर ५० वर्षांची होती. युरोपातील ७० वर्षांची. एका देशाचे कुंपण दुसऱ्या देशाच्या अंगणात घालण्याचाच हा प्रकार नव्हे काय? भांडार बंद पडले, परंतु जून २००८ अखेर ते पुन्हा उघडले आणि आजही उघडे आहे.

यावर कोणी म्हणेल, फुकटचा माल हलका असावयाचाच. हा आक्षेप अज्ञानमूलक आहे. बाखच्या समग्र रचनांची जी आवृत्ती जर्मन विद्वानांनी १८५१ ते १८९९ या काळात सिद्ध केली, तीच तेथे पाहावयास मिळते. होय, जुन्या आवृत्त्यांत संपादकांची स्वैर भर असते. चेर्नीने बाखच्या रचनांत बाखने न लिहिलेल्या कितीतरी खुणा घातल्या आहेत. म्हणूनच एकाच रचनेच्या चार आवृत्त्या शेजारी मांडून पाहण्याची सोय मोलाची. ती या भांडारात आहे. शिक्षकाने तिचा उपयोग करावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रकाशकाने श्रम केले, त्याचे काय? त्या श्रमांचा आम्ही आदर करतो. हयात संपादकाने हस्तलिखिते तपासून नवी आवृत्ती काढली, तर तिची किंमत आनंदाने द्यावी. हयात संगीतकाराची रचना पैसे न देता उतरवून घेणे ही तर निखालस चोरी. मुक्तीच्या नावाखाली तिचे समर्थन आम्ही करणार नाही. छपाईचे मोल घ्या, संपादनाचे घ्या; बाखचे मोल घेऊ नका, एवढेच आमचे म्हणणे. आणि श्रमांचा मोबदला देण्यास फाटकच लागते असेही नाही. बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची नवी स्वरलिपी लोकवर्गणीतून तयार होऊन २०१२ साली सर्वांस खुली झाली. तिच्यासाठी काम करणाऱ्यांस मोबदला मिळाला आणि जगास ग्रंथ मिळाला.

हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. घराण्यांच्या पेटाऱ्यांत कुलूपबंद असलेल्या चिजा गावोगाव फिरून मिळवणारे, त्या स्वरलिपीसह मराठीत छापून विद्यार्थ्यांच्या हाती देणारे पंडित भातखंडे आपलेच. ज्या लखनौत आज आपली कित्येक माणसे नोकरीस आहेत, तेथेच त्यांच्या प्रयत्नाने १९२६ साली संगीत महाविद्यालय उभे राहिले. ते १९३६ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत छापलेल्या ग्रंथांवरील हक्क १९८६ अखेर संपला.

सरकारी मालमत्तेची नोंदवही ज्यांच्या सहीवाचून पुरी होत नाही, अशा वाचकांस अधिक काय सांगावे? वर्गणीची पावती फाडण्यापूर्वी रचनाकाराच्या मृत्यूचे साल पाहा. साठ वर्षे उलटली असतील, तर ती रचना तुमची आहे. आपल्याच वस्तूचे भाडे भरू नका.