तोंडाला रंग फासायला कॉलेज कशाला?

आपल्याकडे शिक्षणाची एक मोठी गंमत आहे. ज्या विषयाचे नाव काढताच जांभई येते, तो चार वर्षे घोकून पोराने पदवी आणली की पेढे वाटतात. आणि ज्या विषयावर पोराचा जीव जडला आहे तो शिकायला ते निघाले, की त्याच्या बापाला समजवायला सारे गाव गोळा होते. समजा, उद्या मौद्याच्या एखाद्या मुलीने बारावी होताच घरात सांगितले, "मला रंगभूषा शिकायची आहे. नाटका-सिनेमात जखमा, म्हातारपण, भुतेखेते, राक्षस हे सारे चेहऱ्यावर कसे उभे करतात, ते कॉलेजात जाऊन शिकायचे आहे." काय होईल? आई आधी रडून घेईल. बाप वर्तमानपत्रात तोंड खुपसील. आणि ओसरीवरच्या खाटेवरून काकाजी फर्मावतील, "तोंडाले रंग फासाले कालेज कायले पाह्यजे बाई? आरशापुढं बस न् फास!"

काकाजींना हसू नका. ते जे मोकळेपणाने बोलले, तेच आपल्या झाडून साऱ्या सुशिक्षितांच्या पोटात आहे. रंगभूषा म्हणजे पावडर आणि लाली; म्हणजे नटवेपणा; म्हणजे ज्याला गणित येत नाही त्याचा धंदा! हा समज साफ खोटा आहे, आणि त्याच्याशी मला भांडायचे आहे. फराळाच्या ताटावर भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण सारे घर एके ठिकाणी बसते ते याच चार दिवसांत, आणि पोरांच्या आयुष्याचे निकाल लागतात तेही चकली मोडता मोडताच.

ज्यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो, ते दादासाहेब फाळके काय आकाशातून शिकून आले होते? १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण असे एकेक हस्तगत करीत राहिले. जादूचे प्रयोगही शिकले. तेव्हा कुठे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्यातली तारामती होते अण्णा साळुंके! तारामतीचे काम करायला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणारा एक पुरुष उभा केला आणि त्याची राणी केली. ही किमया नुसत्या आरशापुढे बसून झाली असेल असे ज्याला वाटते, त्याने एकदा आपल्या मेहुण्याला लुगडे नेसवून पाहावे.

आता या विद्येत शिकण्यासारखे असते तरी काय? पडद्यावर ज्याला खोटे नाक, खोटी हनुवटी किंवा सत्तर वर्षांचा चेहरा लावायचा, त्याच्या तोंडाचा आधी साचा घ्यावा लागतो. समुद्रशेवाळापासून केलेली अल्जिनेटची भुकटी पाण्यात कालवून चेहऱ्यावर लिंपतात. दातांचे माप घ्यायला दंतवैद्य वापरतो तीच ही. ती काही मिनिटांत घट्ट होते. तेवढ्या वेळात नाकपुड्या मोकळ्या राहिल्या नाहीत तर नटाचे काय होईल, ते सांगायला नको. मग त्या साच्यात प्लास्टरचा मुखवटा ओतायचा, त्यावर मातीने नवे नाक घडवायचे, त्याचा पुन्हा साचा करायचा आणि त्यात सिलिकोन भरायचे. मातीत गंधकाचा अंश निघाला, किंवा कारागिराने हातात साधे रबरी मोजे घातले, तर एका जातीचे सिलिकोन घट्ट होतच नाही, चिकट गोळा होऊन बसते, आणि आठवड्याची मेहनत पाण्यात जाते. हे रसायनशास्त्र नव्हे तर काय? जिलेटिनची जखम थंड देशात दिवसभर टिकते. नागपूरच्या मे महिन्यात, दिव्यांच्या झोतात, ती गालावरून ओघळून कॉलरवर येते. हे पदार्थविज्ञान नव्हे तर काय? सुरकुती कोठेही ओढून चालत नाही. खालच्या स्नायूच्या ओढीला ती आडवी पडते. मुका मार पहिल्या दिवशी लाल असतो, मग काळानिळा होतो, पुढे हिरवट आणि शेवटी पिवळा. आपल्या किती चित्रपटांत नायकाला सोमवारी पडलेला मार शनिवारपर्यंत लालच राहतो, हे प्रेक्षकांनीच मोजावे!

आणि चुकीच्या रंगाची गोष्ट तर हसण्यावारी नेण्यासारखी नाहीच. जुन्या रंगभूषेतला सफेदा म्हणजे शिसे, हिंगूळ म्हणजे पारा, हरताळ म्हणजे सोमलाचा सख्खा भाऊ. नटांनी पिढ्यान् पिढ्या हे विष तोंडाला चोळले. जर्मनीत लुडविग लाइशनर नावाच्या गायक-नटाने १८७३ साली शिसे नसलेल्या रंगकांड्यांचा कारखाना काढला, तो काही हौस म्हणून नव्हे. शहाण्या हॉलिवूडचीही कथा ऐका. 'विझर्ड ऑफ ऑझ' या चित्रपटात बडी एब्सन हा नट पत्र्याचा माणूस व्हायचा होता. १९३८ साली त्याच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियमची भुकटी उडवली. ती श्वासावाटे फुप्फुसांत गेली आणि तो इस्पितळात जाऊन पडला. भूमिका दुसऱ्याला मिळाली, आणि त्या दुसऱ्यासाठी भुकटीऐवजी लेप केला. आपल्याकडे शहरांच्या चौकांत अंगभर रुपेरी रंग फासून गांधीजींचा पुतळा होऊन उभी राहणारी पोरे आजही दिसतात. त्यांच्या अंगावर काय आहे, हे कोणी विचारले आहे काय?

यावर एक ठेवणीतला आक्षेप येतो. म्हणतात, थोर रंगभूषाकार कोणत्या कॉलेजात गेले होते? पंढरीदादा जुकर बाबा वर्दमांच्या हाताखाली शिकले आणि २०२० साली गेले तोपर्यंत 'मेकअपदादा' म्हणून हिंदी-मराठी चित्रसृष्टीने त्यांना डोक्यावर घेतले. खरे आहे. गुरूच्या हाताखाली उमेदवारी करण्याला तोड नाही, हे मीही मान्य करतो. पण गुरूच्या दारात उभे कोणाला राहता येते? ज्याचे घर स्टुडिओच्या जवळ आहे त्याला. आणि परवापरवापर्यंत, फक्त पुरुषाला! मुंबईच्या चित्रसृष्टीतल्या रंगभूषाकारांच्या संघटनेत बाईला केशभूषेचे सभासदत्व मिळे, रंगभूषेचे मिळत नसे. बाईने केस विंचरावे, चेहऱ्याला हात पुरुषाने लावावा! चारू खुराना या अमेरिकेतल्या शाळेत रीतसर ही विद्या शिकून आल्या, तरी त्यांना दार बंद. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने हा नियम मोडीत काढला. महाराष्ट्रात पाच वर्षे राहिल्याची जी अट होती तीही काढून टाकली. परंपरेचे गोडवे गाताना हे साल विसरू नये. ज्या मुलीला गुरूच्या घरचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, तिला कॉलेजचाच दरवाजा उरतो.

सरकारचे तरी काय? राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. रंगभूषाकाराची आठवण व्हायला २००६ सालचे चित्रपट उजाडावे लागले. पहिला मान अनिल मोतीराम पालांडे यांना मिळाला. पुढे २००९ च्या 'पा'मध्ये अमिताभ बच्चनचा बारा वर्षांचा मुलगा करायला परदेशातून माणसे आणावी लागली, आणि राष्ट्रीय पुरस्कारही त्यांनीच नेला. दोनच वर्षांनी विक्रम गायकवाड यांनी 'बालगंधर्व'साठी तोच पुरस्कार मिळवून दाखवून दिले की हात आपल्याकडे आहेत. ते २०२५ साली गेले. त्यांच्या डोक्यातली विद्या किती वह्यांत उतरली, किती वर्गांत शिकवली गेली?

वर्ग निघाले आहेत म्हणा! गल्लीबोळांतून निघाले आहेत. पाटीवर 'मीडिया अँड स्पेशल इफेक्ट्स' आणि आत नवरीचा मेकअप. थोडक्या आठवड्यांत पदविका, फी मात्र अशी की ऐकून शेतकरी बाप मटकन् खाली बसेल. साच्याचे प्लास्टर नाही, कातडीचे शास्त्र सांगणारा डॉक्टर नाही. काकाजींच्या अडाणीपणापेक्षा या दुकानदारीची मला जास्त चीड येते, कारण काकाजी निदान पावती तरी फाडत नाहीत. आणि या दुकानांना रान मोकळे करून दिले कोणी? ज्या विद्यापीठांनी या विद्येला आपल्या ओसरीवरही बसू दिले नाही त्यांनीच.

'पण पोटाचे काय?' हा प्रश्न रास्त आहे. आमच्या या भागात घरटी एक तरी खर्रा खाणारा निघेल. त्याचे फळ म्हणजे तोंडाचा कर्करोग. शस्त्रक्रियेत गाल जातो, जबडा जातो, कधी नाकही. दंतवैद्यकाची जी शाखा कृत्रिम दात आणि जबडे बसवते, तीच सिलिकोनचे नाक आणि कानही बसवते. साचा तोच, सिलिकोन तेच. रुग्णाच्या कातडीशी जुळणारा रंग त्यात उतरवणे हे कसबही तेच. राक्षसाचे नाक घडवायला शिकलेली मुलगी उद्या माणसाला नाक देणाऱ्या डॉक्टरच्या शेजारी उभी राहू शकते. डॉक्टरांना, परिचारिकांना जखमा ओळखायला शिकवायचे तर खोट्या जखमा लागतातच. त्याही कोणीतरी रंगवाव्या लागतात.

आणि नाटकाचे पोट? मौदा हे गाव कन्हानच्या काठी, नागपूर-भंडारा रस्त्यावर आहे. बाहेरच्या जगाला ते औष्णिक वीज केंद्रासाठी ठाऊक. पण याच रस्त्याने पुढे गेले, वैनगंगा ओलांडली, की झाडीपट्टी लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली! भाऊबीज झाली की मंडई भरते आणि गावोगाव नाटकाचा पडदा उठतो, तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पडत नाही. वडशाच्या कंपन्या आज या गावी, उद्या त्या गावी. रात्री सुरू झालेले नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालते, आणि थंडीत घोंगडी पांघरून माणसे ते पाहतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांना प्रेक्षकांसाठी डोळे लावून बसावे लागते. इथे बसायला जागा नसते! तरीही रंगभूषेचे शिक्षण घ्यायचे तर आमच्या पोरांनी रंगभूमीकडे पाठ करून पश्चिमेची गाडी पकडायची, हा कुठला न्याय?

माझे मागणे छोटे आहे. नागपूरच्या पूर्वेला, या रस्त्यावरच्या एका तरी कॉलेजात तीन वर्षांचा रंगभूषेचा अभ्यासक्रम निघावा. शरीररचना शिकवायला वैद्यकीय महाविद्यालयातला अध्यापक यावा, साचे शिकवायला दंतवैद्य यावा, आणि दाढी-मिशी चिकटवायला शिकवायला झाडीपट्टीतला जुना रंगभूषाकार मानधन देऊन बोलवावा; त्याच्याकडे पदवी नाही म्हणून कारकुनाने त्याचा अर्ज परत पाठवू नये. रंग आधी कानामागे लावून, एक दिवस थांबून, मगच तोंडाला लावायचा, हा पहिला धडा असावा. वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षा मार्चात ठेवू नका, भाऊबीजेनंतर ठेवा. परीक्षक शोधण्याचा खर्च नाही. घोंगडी पांघरून ते पहाटेपर्यंत बसलेलेच असतात.